‘प्रोसेसर किती?’ याचं उत्तर एका आकड्यात देऊ नका

पतसंस्था असो, शाळेची लॅब असो की तुमचं दुकान, कॉम्प्युटरची यादी कधी ना कधी करावीच लागते. डेडस्टॉक रजिस्टर, विमा, एएमसी, सगळीकडे तीच यादी लागते. आणि त्यात ‘प्रोसेसर’ असा एकच रकाना असतो. माझं स्पष्ट मत आहे, हा रकाना बंद करा.

का? एक साधी खानावळ घ्या. स्वयंपाकघर म्हणजे सॉकेट, आचारी म्हणजे कोअर, आणि आचारी एका वेळी सांभाळतो ती पातेली म्हणजे थ्रेड. पातेली मोजून कोणी आचाऱ्यांचा पगार काढतं का?

पण सॉफ्टवेअर नेमकं हेच करायला लावतं. आय-३ १२१५यू चा लॅपटॉप घ्या. चिप एक, कोअर ६, थ्रेड ८. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रोसेसर्स’ उघडलंत की ८ ओळी दिसतात. नवीन मुलगा रजिस्टरमध्ये सरळ ८ लिहून मोकळा! असे वीस लॅपटॉप असले की कागदावर १६० प्रोसेसर.

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० बनवला, तेव्हा एका चिपमध्ये एकच कोअर असायचा. चिपा मोजल्या की काम झालं. २००२ मध्ये इंटेलने हायपर-थ्रेडिंग आणलं, पुढे एका चिपमध्ये अनेक कोअर आले, आणि ‘प्रोसेसर’ शब्दाचे तीन अर्थ झाले.

यात पैसे कुठे जातात ते बघा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रत्यक्ष कोअरवर असतं, थ्रेडवर नाही. १६ कोअर, ३२ थ्रेडच्या सर्व्हरला यादीत ‘३२ कोअर’ लिहिलंत, तर लायसन्सचा हिशोब थेट दुप्पट.

खरेदीतही तेच. आय-५ १४४०० मध्ये १० कोअर, १६ थ्रेड. त्यानंतर आलेल्या कोअर अल्ट्रा ५ २२५ मध्ये १० कोअर, १० थ्रेड, कारण त्यात हायपर-थ्रेडिंगच नाही. फक्त थ्रेड बघणारा माणूस नवा प्रोसेसर हलका समजून जुना घेऊन येईल. थ्रेड दुप्पट म्हणजे काम दुप्पट, असं कधीच नसतं.

काही जण म्हणतील, छोट्या धंद्याला एवढं कशाला? अहो, छोट्यालाच जास्त गरज! मोठ्या कंपनीत तपासायला आयटीवाला बसलेला असतो. आपल्या लांज्यात मालकच आयटीवाला.

म्हणून यादीत पाच रकाने हवेत: मॉडेल, सॉकेट, कोअर (मोठे आणि छोटे वेगळे), थ्रेड, आणि हायपर-थ्रेडिंग चालू की बंद. शेवटचा यासाठी, की बायोसमधून ते बंद केलं तर मशीन तेच राहतं, पण थ्रेडचा आकडा उतरतो.

आजच एक काम करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू उघडा. सॉकेट, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर तिथे वेगवेगळे लिहिलेले असतात. विंडोज तीन आकडे फुकट देतंय, मग आपण एकावर का थांबायचं?