कळलं, पण कळवलं नाही
बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण ऑगस्ट 2024 मध्ये बाहेर आलं, तेव्हा रेल्वे रुळांवर उतरलेल्या गर्दीची एकच मागणी होती: फाशी. सप्टेंबरमध्ये आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला आणि अनेकांच्या लेखी विषय संपला. मला मात्र दुसरीच गोष्ट डाचत राहिली. चार वर्षांच्या मुलींचे पालक पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवायला कित्येक तास लागले. शाळेला प्रकार समजूनही तिने पोलिसांना कळवलं नाही, या आरोपावरून संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला.

हा दुसरा गुन्हा आपल्याला माहीतच नसतो. पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होण्याची धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करणं त्याचं काम नाही. कळवलं नाही तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. माहिती नोंदवून न घेणारा पोलीसही त्याच कलमात सापडतो. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं उदाहरण घ्या. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. माहिती दडली की तपासच मरतो, हे कोर्टाला नीट दिसलं होतं.

राज्यकर्त्यांचं लक्ष मात्र शिक्षेच्या आकड्यावर. पोक्सोच्या नऊ वर्षं आधी, 2003 मध्ये, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि फोटो डेव्हलप करणाऱ्यावरसुद्धा कळवण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राने डिसेंबर 2021 मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं. त्यात फाशी होती, तपासाची मुदत होती आणि खोट्या तक्रारीसाठी कैदही होती. ते कायदा झालंच नाही. जून 2022 मध्ये तर मुंबई पोलिसांत आदेश निघाला की वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पोक्सोचा गुन्हा नोंदवू नये. ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला.

एनसीआरबीच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. मामा, शेजारी, शिकवणीचे सर. अशा माणसाला फाशी होईल म्हटल्यावर घरातली आई तोंड उघडेल की गिळेल? आमदारांनी याचं उत्तर आधी द्यावं.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येतो. शाळा, मदरसा, वसतिगृह, क्लास, कायद्याला सगळे सारखे. आपल्याकडे मात्र प्रकरण आधी जमातीच्या चार बुजुर्गांपुढे जातं. उस्तादाला गावी पाठवतात, मुलाच्या अब्बांना समजावतात, "कौम की बदनामी होगी" म्हणतात. टीव्हीवाले एका मदरशाचा तमाशा करतील ही भीती खोटी नाही, मीही ते चॅनेल पाहतो. पण तो उस्ताद दुसऱ्या गावात पुन्हा मुलांनाच शिकवतो, त्या मुलांचं काय? शिवाय ही तडजोड कोर्टात टिकत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा खटला समझोत्यावर रद्द झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू करायला लावला. मुलाची ओळख छापायला माध्यमांना कलम 23 ने मनाई आहे, हेही त्या बुजुर्गांना सांगा.

आणि पोलीस ठाण्याची धास्ती वाटत असेल तर कलम 24 वाचून ठेवा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. मुलाला कुठल्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. ठाण्यात टाळाटाळ झाली तर 1098 लावा, आणि ट्रस्टींच्या पुढच्या बैठकीत एकच विचारा: आपल्या मदरशात असं काही झालं, तर पोलिसांना फोन कोण करणार? त्याचं नाव लिहून घ्या.