विश्लेषण : बदलापूर-अंबरनाथच्या लोकल प्रवाशांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला का पाळता येत नाही?

प्रवासात तब्येत सांभाळायची तर भरपूर पाणी प्यावे, वेळेवर खावे, फार वेळ एका जागी उभे राहू नये आणि गर्दी टाळावी, असे डॉक्टर सांगतात. सुट्टीत महाबळेश्वरला निघालेल्या कुटुंबाला हे सहज जमते. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराला मात्र यातले एकही पथ्य धड पाळता येत नाही. त्याचे कारण आळस किंवा अज्ञान नाही. लोकलच्या डब्यात, फलाटावर आणि वेळापत्रकात या पथ्यांना जागाच ठेवलेली नाही. या प्रवासाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, त्यातले किती प्रवाशाच्या हातात आहे आणि किती रेल्वेच्या, याचा हा आढावा.

हा प्रवास नेमका किती?

सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर अंतरावर आहे. बदलापूरहून जलद लोकलने सीएसएमटी गाठायला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. पण बहुतेकांचा प्रवास घरापासून स्थानकापर्यंतच्या रिक्षाने सुरू होतो आणि दादर, कुर्ला किंवा ठाण्याला गाडी बदलून पुढे अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल किंवा नवी मुंबईत संपतो. जाऊन-येऊन दिवसाचे चार-पाच तास त्यात सहज जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. त्याच्या दहा वर्षे आधी बदलापूर एक लाखाच्याही आत होते. मुंबई-ठाण्यात घर परवडेनासे झालेली कुटुंबे इकडे येत राहिली. नोकऱ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. त्यात कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने दोनच मार्ग असून लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच रुळांवरून धावतात. त्यामुळे वांगणीजवळ मालगाडीचे इंजिन बंद पडले की बदलापूरच्या फलाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

पाणी न पिण्याची सवय कुठून लागते?

मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. उपनगरी गाडीचा प्रवास थोड्या वेळाचा असतो, असे गृहीत धरून हे डबे बांधले गेले. गिरगाव-दादरच्या काळात ते ठीक होते. बदलापूर-कर्जतच्या प्रवाशाला ते लागू पडत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत दीड तासासाठी बसणाऱ्यालाही स्वच्छतागृह मिळते, इथे रोज दुप्पट वेळ काढणाऱ्याला नाही.

राहिली स्थानकावरची सोय. ती बहुधा फलाटाच्या एका टोकाला असते. तिथे जाऊन येईपर्यंत गाडी सुटते आणि पुढच्या गाडीत चढता येईलच याची खात्री नसते. शिवाय दाराला कुलूप, नळाला पाणी नाही, आत दिवा नाही, हे अनुभव एकदा आले की बाई पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग ती स्वतःपुरता साधा तोडगा काढते. सकाळी अर्धा कप चहा आणि कार्यालयात पोहोचेपर्यंत पाण्याचा घोट नाही. संध्याकाळी निघण्याआधी तासभर पुन्हा तेच. पर्समध्ये पाण्याची बाटली असते, पण ती अडीअडचणीसाठी. सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात यासाठी २०११ मध्ये मुंबईतून ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली, तिच्या मागण्यांमागे हाच अनुभव होता.

पुरुषांची अडचण नसते असे नाही. त्यांनी फलाटाच्या टोकाला आडोसा हेरून ठेवलेला असतो, एवढाच फरक. त्याचा वास मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो.

त्याचा शरीरावर काय परिणाम होतो?

लघवी वाटे मूत्रमार्गातले जंतू बाहेर टाकले जातात. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन्तास रोखून धरली की जंतूंना वाढायला अवधी मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना संसर्ग लवकर होतो. जळजळ, वारंवार लघवीला लागणे, ओटीपोटात दुखणे ही सुरुवात असते. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते. गरोदरपणात असा संसर्ग दुर्लक्षित राहिला तर मुदतीपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. पाणी कमी पडल्याने लघवी घट्ट होते आणि मुतखडेही बनतात. ज्यांना एकदा मुतखडा झाला आहे, त्यांना दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले जाते. बदलापूरच्या प्रवाशाने हा हिशेब नेमका कसा जमवायचा, याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीत नसते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे अनेक जण प्रवासाच्या धास्तीने सकाळची गोळी चुकवतात आणि डॉक्टरांना ते सांगत नाहीत. तपासणीत रक्तदाब वाढलेला दिसतो, डॉक्टर औषध वाढवतात, आणि तीही गोळी चुकवली जाते. प्रवासाची वेळ सांगितली तर गोळीची वेळ किंवा गोळीच बदलून देता येते. मधुमेह असलेल्यांना आणि प्रोस्टेटची तक्रार असलेल्या ज्येष्ठांनाही हेच लागू आहे.

गर्दीत भोवळ का येते?

मुंबईच्या लोकलची गर्दी मोजायला जगात इतरत्र वापरली जाणारी मापे अपुरी पडली, तेव्हा एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी अशा गर्दीसाठी वेगळा शब्दप्रयोग करावा लागला. अशा डब्यात पाय हलवता येत नाहीत. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, ते काम थांबते आणि रक्त पायांत साचते. त्यात उकाडा, घाम, रिकामे पोट आणि सकाळपासून न प्यायलेले पाणी. मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. एरवी कोसळलेला माणूस आडवा होतो, रक्त डोक्याकडे जाते आणि तो शुद्धीवर येतो. गर्दीत त्याला पडायलाही जागा नसते. आजूबाजूच्यांच्या खांद्यावर तो उभाच राहतो आणि धोका वाढतो. म्हणून पहिले काम त्याला आडवे करण्याचे, शक्य झाले तर पाय थोडे उंच ठेवण्याचे. शुद्धीवर येण्याआधी तोंडात पाणी ओतणे ही चूक हमखास होते. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

मार्च ते मे या काळात बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारच्या लोकलमध्येही हाच प्रकार घडतो.

मग लोक दारात का उभे राहतात?

हौस म्हणून उभे राहणारे असतात, पण थोडे. बहुतेकांना आत शिरता येत नाही किंवा आत श्वास कोंडतो, म्हणून ते दारात राहतात. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ वळणावर एक लोकल कर्जतच्या दिशेने आणि दुसरी सीएसएमटीच्या दिशेने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांच्या मृत्यूची नोंद झाली, अनेक जण जखमी झाले. २०२३ या एका वर्षात उपनगरी मार्गावर २,५९० जणांचा मृत्यू झाल्याची आकडेवारी त्याआधीच उच्च न्यायालयापुढे आली होती. त्यात रूळ ओलांडताना गेलेले आणि गाडीतून पडलेले असे दोन्ही आहेत. २०२४ मध्ये या याचिकेच्या सुनावणीत प्रवाशांची जनावरांसारखी वाहतूक होत असल्याबद्दल न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. पायदानावरून प्रवास हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण गर्दीच्या वेळी कलम १५६ लावायचे ठरवले तर कोणाला सोडायचे, हा प्रश्न पडेल.

बंद दारांची लोकल हा उपाय आहे का?

बंद दारातून कोणी पडत नाही, हे खरे. पण बदलापूरकरांचा वातानुकूलित लोकलचा अनुभव गुंतागुंतीचा आहे. मे २०२२ मध्ये या गाड्यांचे एकेरी तिकीट निम्म्याने स्वस्त झाले. त्यानंतर ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाड्यांच्या दहा फेऱ्या सुरू केल्या. ज्यांच्या खिशाला त्या परवडत नव्हत्या, त्यांची नेहमीची गाडी गेली आणि ते सगळे मागच्या साध्या लोकलमध्ये कोंबले गेले. कळवा आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर नव्हे, फलाटावर उतरले आणि आठवडाभरात रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तो राग थंड हवेवर नव्हता. एका गाडीतले प्रवासी सुरक्षित करताना दुसऱ्या गाडीच्या दारात माणसे वाढली होती.

मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा रेल्वे मंत्रालयाने केली. आत हवा खेळावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत सोडणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी, असे तिचे स्वरूप आहे. यातला हवेचा भाग दाराइतकाच महत्त्वाचा आहे. कोंदट डब्यात फ्लूपासून क्षयरोगापर्यंत श्वासावाटे पसरणारे सगळे आजार हातपाय पसरतात. खोकला असलेल्याने मास्क लावणे हा करोनाकाळातला धडा इथे अजूनही कामाचा आहे.

पावसात गाडी अडकली तर?

२६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. खाली उतरू नका, असे रेल्वेने वारंवार बजावले आणि प्रवाशांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले. पुराचे पाणी वाहते असेल तर डबा हीच सुरक्षित जागा, हे त्या रात्रीने दाखवले.

लोकल अडकते तेव्हा मात्र अर्ध्या तासातच लोक रुळांवर उतरतात. याला भीतीइतकेच स्वच्छतागृहाचा अभावही कारणीभूत असतो. गढूळ पाण्यातून चालावे लागलेच तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घ्यावा. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या लघवीतले जंतू पायावरच्या जखमेतून शिरतात. पायाला जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यात काढला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे विचारावे. ताप येण्याची वाट पाहू नये.

रेल्वेच्या हातात काय आहे?

कल्याण-बदलापूर तिसरा आणि चौथा मार्ग हा खरा उपाय. ‘एमयूटीपी-३ अ’ या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतला हा प्रकल्प साधारण १४ किलोमीटरचा आणि सुमारे १,५१० कोटी रुपयांचा आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोली हे नवे स्थानकही होणार आहे. मात्र मार्ग वाढण्याआधी स्थानक वाढले, तर त्याच गाड्यांत आणखी प्रवासी चढतील. १५ डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट लांबवणे हा मधला मार्ग आहे. कार्यालयांच्या वेळा बदलाव्यात म्हणून मध्य रेल्वेने जवळपास ८०० आस्थापनांना पत्रे पाठवली. त्यावर निर्णय घेणे मात्र रेल्वेच्या अखत्यारीत येत नाही.

यापैकी बरेच काही जमीन, निधी आणि कंत्राटांत अडकू शकते. स्वच्छतागृहाचे तसे नाही. महिलांच्या डब्यासमोर, फलाटाच्या मध्यावर, पहाटेच्या पहिल्या लोकलपासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत उघडे राहणारे एक स्वच्छतागृह आणि त्यावर पाळीने माणूस, एवढेच तर लागते. दीड हजार कोटींच्या प्रकल्पाशेजारी ही रक्कम दिसणारही नाही.

तोपर्यंत प्रवाशाने काय करावे?

पाणी पूर्ण बंद करण्याऐवजी त्याची वेळ बदलावी. उठल्याबरोबर ग्लासभर पाणी प्यायले, तर घरातून निघेपर्यंत त्यातला बराच भाग बाहेर पडून जातो. गाडीत घोट-घोट आणि कार्यालयात पोहोचल्यावर भरपूर पाणी प्यावे. चहा-कॉफीने लघवीची भावना वाढते, म्हणून निघण्याआधीचा दुसरा कप टाळलेला बरा. उपाशीपोटी निघू नये. पोळीचा रोल असो किंवा दोन केळी, काहीतरी खाऊन निघावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, बॅगेत नको. गर्दीत बॅग रॅकवर जाते आणि हात तिथे पोहोचत नाही. उभे असताना टाचा उचलणे आणि पोटऱ्या आवळणे जमते, त्याने भोवळ टळू शकते. डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली की शेजाऱ्याला लगेच सांगून खाली बसावे, त्यात लाजू नये.

जागा मिळवण्यासाठी अंबरनाथ-उल्हासनगरचे काही प्रवासी आधी उलटे बदलापूरला जातात आणि तीच गाडी धरून परततात. बदलापूरकरांशी त्यावरून रोज खटके उडतात. पण गुडघे, पाठ किंवा गरोदरपण यामुळे उभे राहणे शक्य नसलेल्यांना याशिवाय पर्यायही नसतो.

डब्यात कोणाला छातीत दुखू लागले किंवा शुद्ध हरपली, तर दोन स्थानकांच्या मधे साखळी ओढण्यापेक्षा पुढचे स्थानक येईपर्यंत १३९ वर फोन करून गाडीची वेळ, डबा आणि स्थानकाचे नाव सांगावे. रुळांमध्ये थांबलेल्या गाडीपर्यंत स्ट्रेचर आणणे कठीण असते, फलाटावर ते आणता येते. १०८ ची रुग्णवाहिकाही त्याच स्थानकाच्या बाहेर बोलवावी, आणि पूर्वेला की पश्चिमेला, हे फोनवरच स्पष्ट करावे.