दुसरा भाग कुठाय?

नवीन साय-फाय किंवा फँटसी सिरीज कोणती धरू, असं कुणालाही विचारून बघा. उत्तर तोंडपाठ असतं. फाउंडेशन, ड्यून, व्हील ऑफ टाइम, गेम ऑफ थ्रोन्सची पुस्तकं. सोबत कुठला भाग आधी आणि कुठला नंतर याचा तक्ता, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'पहिले दोन-तीन भाग जरा रेट, चौथ्यापासून पकडते.'

शेगावच्या कचोरीबद्दल असं कुणी बोलत नाही. पहिल्या तीन कशाबशा ढकल, चौथी भारी लागेल, असं सांगणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो आणि तीन खंड ढकलतो. नाही ढकलता आले तर आपलंच काहीतरी कमी पडलं असं वाटून गप्प बसतो. व्हील ऑफ टाइमचे १४ खंड आहेत. पहिला १९९० साली आला, लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने २०१३ मध्ये शेवटचा खंड संपवला. लेखकाचं आयुष्य पुरलं नाही ती गोष्ट तुम्ही दर रविवारी दोन तास काढून संपवणार, असा हा हिशोब. जॉर्ज मार्टिनच्या सिरीजचा पाचवा खंड २०११ चा आहे, सहावा अजून यायचाय. पाचवा आला तेव्हा पाचवीत असलेली पोरं आता नोकऱ्या करतायत.

या सिरीजा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्या सुचवण्याची पद्धत वाईट आहे. यादी बनवणारा तुम्हाला ओळखत नाही, तुमच्याकडे किती वेळ आहे हे त्याला माहीत नाही, आणि त्याची स्वतःची यादी दुसऱ्या यादीवरून आलेली असते. फोनवर वाचणाऱ्याला तर जाडीही दिसत नाही. खाली कोपऱ्यात '२ टक्के' दिसतं. आठवडाभराने तेच ३ झालेलं असतं, आणि मग पुस्तक उघडायचं सोडून आपण रील बघतो.

सिरीज निवडायची माझी पट्टी सोपी आहे. पहिला भाग एकट्याने उभा राहतो का? पुढचे सगळे भाग जळून गेले तरी हा वाचल्याचं समाधान मिळेल का? उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं आहे, दोन-तीन संध्याकाळींत संपतं, आणि त्यातला जादू शिकणारा पोरगा बकऱ्या राखणारा आहे. मार्था वेल्सच्या मर्डरबॉट सिरीजचा पहिला भाग २०१७ चा, तोही असाच छोटा. त्यातलं यंत्र स्वतःवरचा ताबा हॅक करून मोकळं होतं. आता माणसं मारत सुटेल म्हणावं, तर ते गुपचूप सिरियल बघत बसतं. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे पात्र ओळखीचं वाटेल. दोन्ही लेखिकांनी पुढे बरेच भाग लिहिले, पण पुढचं वाचलंच पाहिजे अशी अट घातली नाही.

इथवर मी फक्त यादीवाल्यांशी भांडलो. खरं भांडण पुढे आहे आणि ते घरातलं आहे.

ही सगळी नावं इंग्रजी का? 'मराठीत सांग ना एखादी' असं कुणी म्हटलं की वडीलधारे लगेच म्हणतात, 'नारळीकर वाच.' वाचलेत. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिला नंबर मिळवला. जगात नाव झालेला शास्त्रज्ञ टोपणनावाने मराठी कथास्पर्धेत उतरतो, यापेक्षा भारी सुरुवात कुठल्या भाषेतल्या साय-फायला मिळाली असेल? मग 'यक्षांची देणगी' आली, 'प्रेषित' आली, 'वामन परत न आला' आली. त्यांच्या आगेमागे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर लिहीत होते. ही फळी कुणापुढेही कमी नव्हती.

पण नारळीकर वाचून झाल्यावर पुढे काय, या प्रश्नापाशी उत्तर देणारे गप्प होतात. कारण पुढे दुसरी कथा असते, दुसरा भाग नसतो. एका कथेतलं जग त्याच कथेत मिटतं. वामनच्या बाबतीत तर शीर्षकातच सांगून टाकलंय की तो परत येणार नाही. ज्या जगात परत जायला वाचक तडफडतोय, पुढचा भाग कधी म्हणून लेखकाला छळतोय, असं जग मराठी विज्ञानकथेने पन्नास वर्षांत उभं केलं नाही.

मराठी वाचकाला सिरीजची सवय नव्हती म्हणाल तर ते साफ खोटं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं माझ्या आजोबांच्या पिढीला नातेवाइकांसारखी माहीत होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात सायकल दामटत राहिला, इतका की २०१७ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. नारायण धारपांचे 'समर्थ' कथेमागून कथेत अघोरी शक्तींशी लढले. म्हणजे गुप्तहेराला दुसरा भाग मिळाला, शाळकरी पोराला मिळाला, मांत्रिकाशी लढणाऱ्यालाही मिळाला. अंतराळवीराला तेवढा मिळाला नाही.

याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं, आपण विज्ञानकथेला मास्तर केलं. ती वाचून समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजावा, मुलांना विज्ञानाची गोडी लागावी, अंधश्रद्धा जावी. हेतूबद्दल तक्रार नाही. पण गोष्टीचं काम एकदा संकल्पना समजावणं हे ठरलं, की संकल्पना समजली तिथे गोष्ट संपते. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, कळलं? चला, पुढचा धडा. त्याच पात्राला घेऊन दुसरी कथा लिहायचं कारणच उरत नाही, कारण पात्र हे खडू होतं. सिरीज लिहायला पात्राचा आणि जागेचा लोभ लागतो. आणि हा लोभ आपल्याकडे जरा हलका समजला गेला. धारप वाचले पुष्कळांनी, पण वाचतो हे चारचौघांत किती जणांनी सांगितलं?

दुसरं कारण जास्त रोखठोक आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे वेळापत्रक. ॲसिमोव्हची 'फाउंडेशन' काही जाडजूड कादंबरी म्हणून जन्मली नाही. ती मासिकात आलेली कथा होती. पहिली कथा मे १९४२ च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये आली, दुसरी जूनच्या अंकात. वाचक महिनाभर थांबला आणि त्याला पुढचं मिळालं. चीनमध्ये लिऊ त्सिशिनची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००६ साली एका विज्ञानकथा-मासिकातच क्रमशः आली. आपल्याकडे विज्ञानकथेची मोठी जागा कुठली, तर दिवाळी अंक. वर्षातून एकदा दहा-बारा पानं, उटणं आणि चकलीसोबत. पुढचा भाग द्यायचा तर पुढच्या दिवाळीला, तोवर वाचक मूळ गोष्ट विसरलेला. दुसरी जागा स्पर्धांची, तिथे शब्दमर्यादा. या दोन साच्यांत सुटी कथाच बसते. लेखकांना दोष देऊन उपयोग नाही, आपण त्यांना जागाच तेवढी दिली. मासिकं होती, अनंत अंतरकरांचं 'नवल' अद्भुताला वाहिलेलं होतं, पण महिन्याच्या महिन्याला एकच विश्व वाढवत न्यायची रीत विज्ञानकथेत पडली नाही.

आता लिऊकडे जरा नीट बघा, कारण माझा सगळा राग इथे येऊन थांबतो. हा माणूस इंजिनिअर. शानशी प्रांतातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात, मोठ्या शहरापासून लांब, नोकरी करत तो लिहीत होता. शेगावहून अकोल्याकडे निघालात की पारसचं वीजकेंद्र लागतं. तिथे शिफ्ट करणारा एखादा इंजिनिअर रात्री घरी येऊन तीन खंडांची गोष्ट लिहितो, जगभर तिचे अनुवाद होतात, असं डोळ्यांसमोर आणा. हसू येतं ना? तेच तिकडे घडलं. केन लिऊने केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो मिळालं, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर सिरीज आली. आणि ती गोष्ट अमेरिकेची नक्कल करत नाही. तिची मुळं सांस्कृतिक क्रांतीत आहेत. बापाला जमावाने मारलेलं डोळ्यांदेखत बघणारी मुलगी पुढे आकाशाकडे निरोप पाठवते. त्या निरोपामागचा राग कळायला आधी तो चीन कळावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्यात या. लोणार. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, काळ्या बेसाल्टात, आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेला. पुराणातली गोष्ट अशी की लवणासुर इथे जमिनीखाली राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली, अंगठ्याने बिळाचं झाकण उडवलं, ते लांब जाऊन पडलं आणि तिथे टेकडी झाली. म्हणजे खड्डा, त्यावरचं झाकण आणि उडालेला दगड हे सगळं शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी गोष्टीत होतं. दैत्यसूदनाचं देऊळ तिथे उभं आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने खड्ड्याची नोंद केली. ज्वालामुखी की उल्का हा वाद पुढे दीडशे वर्षं चालला आणि १९७३ च्या सुमारास आघाताने काचेसारखं झालेलं खनिज सापडल्यावर उल्केचं पारडं जड झालं. वयाचं भांडण वेगळंच. एका पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साधारण ५ लाख ७० हजार. दोन्हींतला फरक नुसत्या आकड्यांचा नाही. पहिलं खरं असेल तर तो उजेड बघायला आपल्यासारखी माणसं जवळपास असू शकतात. दुसरं खरं असेल तर ज्याने वर बघितलं तो आपल्यासारखा नव्हता. आणि जून २०२० मध्ये, सगळा देश दारं लावून बसलेला असताना, तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे झालं, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने नंतर तपासून सांगितलं.

हे सगळं खरं आहे, यातलं काहीही कल्पनेतलं नाही. एखाद्या ब्रिटिश लेखकाला असं गाव मिळालं असतं तर आज त्याच्यावर सात खंड, दोन सिनेमे आणि नकाशा छापलेले टी-शर्ट असते. आपण काय केलं? शाळेची सहल नेली, माहितीफलकासमोर रांग लावली, वहीत व्यास आणि खोली लिहून घेतली. परीक्षेत दोन मार्कांना येतं.

'मराठीत वाचणार कोण' हा नेहमीचा आक्षेप. धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा घेऊन राही बर्वेने 'तुंबाड' केला. भाषा हिंदी, पण पाऊस, वाडा, हाव, सगळं आपल्याकडचं. २०१८ साली थिएटरात तो फार चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली, आणि बघायला आलेली बरीचशी तुमच्या-माझ्या वयाची पोरं होती. त्यांना मातीतलं अद्भुत नको होतं असं कोण म्हणेल? 'मग इंग्रजीतच वाच की' हा दुसरा आक्षेप. वाचतोच. पण लोणारच्या अकरावीतल्या पोरीला तिच्याच तळ्याकाठची गोष्ट वाचण्यासाठी आधी इंग्रजी पक्कं करावं लागणार असेल, तर ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिचं वय उलटून गेलेलं असेल.

दिवाळी अंकाच्या वेळापत्रकाची सबबही आता चालणार नाही. फोनवर अंकाची पानं संपत नाहीत आणि दिवाळी दर आठवड्याला आणता येते. वेब मासिकांनी एक गोष्ट करावी: कथा छान आहे असं लेखकाला कळवताना, ती संपवू नका असंही कळवावं. बारा आठवडे, बारा भाग, एकच गाव.

तोवर काय वाचायचं? विचारलंयत म्हणून सांगतो. एकच सिरीज धरायची असेल तर थ्री-बॉडी धरा. पात्रं काही ठिकाणी लाकडी आहेत, दुसऱ्या खंडातलं प्रेमप्रकरण तर सरळ चाळा, तरीही धरा, कारण आपल्या गावच्या जखमेतून आकाशापर्यंत कसं जायचं हे त्यात दिसतं. वेळ कमी असेल तर मर्डरबॉट. मराठीत हवं असेल तर ग्रंथालयात जाऊन धारपांचे 'समर्थ' मागा. पुस्तकाची शिवण सुटलेली असेल, मधली चार पानंही कदाचित नसतील, तरी घ्या. आणि येत्या दिवाळीत एखादी विज्ञानकथा आवडली, तर खाली लेखकाचा ईमेल दिलेला असतो. 'कथा आवडली' एवढंच लिहून थांबू नका. दुसरा भाग कुठाय, हे विचारा.