मुगाच्या दाण्याला घराणे नसते

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास दिसतो. टेबलावर दोन कुंड्या. एकीला महिनाभर शास्त्रीय संगीत ऐकवलेले, दुसरीला काहीच नाही किंवा ‘धांगडधिंगा’. पहिली हिरवीगार, दुसरी मरगळलेली. मागे तक्ता लावलेला : ‘सात्त्विक संगीताने वनस्पतींची वाढ होते.’ परीक्षक मान डोलावतात, बक्षीस देऊन मोकळे होतात. मुलाच्या कुतूहलाबद्दल आमची तक्रार नाही. कुतूहल हवेच. आमचा आक्षेप आहे तो दोन कुंड्यांवर उभ्या केलेल्या निष्कर्षाला आणि त्या निष्कर्षाच्या पोटात दडवलेल्या उच्चनीचतेला.

प्रश्न मुळात रास्त आहे आणि जुनाही. खुद्द चार्ल्स डार्विनने लाजाळूसारखी पाने मिटणाऱ्या बायोफायटम या रोपट्याजवळ आपल्या मुलाला बसून हे वाद्य वाजवायला लावले होते. अशा खटाटोपांना तो स्वतःच ‘मूर्खाचे प्रयोग’ म्हणे, पण करून पाही. पुढे अण्णामलाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख टी. सी. सिंह यांनी कर्नाटक संगीत ऐकवून रोपे जोमाने वाढल्याचा दावा केला. १९७३ साली अमेरिकेत डोरोथी रिटॅलॅक या बाईंनी पुस्तकच लिहिले : रोपे बाखच्या संगीताकडे आणि रविशंकरांच्या सतारीकडे झुकतात, रॉक संगीतापासून दूर पळतात! पुस्तक गाजले. पण रोपे मोजकीच होती. इतक्या थोड्या रोपांवरून असा निकाल देता येत नाही.

आता जरा बारकाईने पाहा. रोपांना जे ‘आवडले’ ते नेमके प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात वाजणारे संगीत आणि जे ‘नावडले’ ते तरुणांच्या, रस्त्यावरच्या गर्दीचे! हा निकाल रोपाने दिला की प्रयोग करणाराच्या कानाने? आपल्याकडच्या प्रदर्शनातही तेच. कुंडीपुढे सतार असते, बासरी असते, मंत्र असतात. हलगी का नसते? ढोलकी का नसते? वामनदादा कर्डकांचे गाणे का नसते? ज्या वाद्यांना गावगाड्याने हलके ठरवले आणि ती वाजवणाराला वेशीबाहेर ठेवले, ती प्रयोगातूनही वगळायची आणि मग ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ म्हणायचे, ही कुठली रीत? आमच्या वस्तीतली मुलगी तो तक्ता वाचते तेव्हा ती वनस्पतिशास्त्र शिकत नाही. आपल्या घरातला सूर खालच्या दर्जाचा आहे, एवढेच शिकते.

आणि गोष्ट शाळेपुरती राहत नाही. २०१५ मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ‘यौगिक शेती’चा पुरस्कार करताना सकारात्मक विचारांनी बियाण्याची शक्ती वाढवण्याची भाषा केली. २०१८ मध्ये गोव्याच्या कृषी खात्याने ‘कॉस्मिक शेती’ पुढे आणली : रोज २० मिनिटे, असे २० दिवस शेतात वैदिक मंत्र म्हणायचे. सरकार जेव्हा असे सांगते तेव्हा पुरावा मागण्याचा अधिकार नागरिकाला आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन व चिकित्सक वृत्ती जोपासणे हे राज्यघटनेच्या ५१ (क) या अनुच्छेदात सांगितलेले कर्तव्यच आहे.

मग वनस्पतीला आवाज कळतच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठातील हायडी ॲपेल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी मोहरीच्या कुळातल्या एका रोपाला, सुरवंट पान कुरतडतो त्याची कंपने दिली. पुढे खरे सुरवंट सोडले तेव्हा या रोपांनी बचावाची तिखट द्रव्ये अधिक तयार केली. वाऱ्याच्या कंपनांनी तसे घडले नाही. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांना दिसले की, मधमाशीच्या गुंजनाने एका फुलझाडाच्या मकरंदातली साखर ३ मिनिटांत वाढते. म्हणजे जगण्याशी संबंध असलेले कंपन रोप टिपते. पण भूप आणि लावणी यांतला दर्जा त्याला कळतो, असे यातून निघत नाही.

तर वाचकहो, वाद नको, परीक्षाच होऊ द्या. आमच्या वसतिगृहांनी, अभ्यासिकांनी ती घ्यावी. एकाच पिशवीतले मुगाचे ४०० दाणे घ्या. शंभर-शंभरचे चार गट करा : एकाला राग, एकाला हलगी, एकाला मंत्र, एकाला शांतता. आवाज सारखाच मोठा ठेवा. शांततेच्या गटापाशीही स्पीकर चालू असू द्या, फक्त निःशब्द, कारण स्पीकरच्या उष्णतेनेही फरक पडू शकतो. पाणी मोजून द्या. किती मोड आला की दाणा उगवला म्हणायचे, हे आधीच ठरवा. मोजणाराला कोणती ताटली कोणत्या गटाची ते कळू देऊ नका. खोल्या बदलून तोच प्रयोग चारदा करा. आणि लक्षात ठेवा, एका ताटलीत ९० उगवले, दुसरीत ८४, तर एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दरवेळी तोच गट पुढे राहिला तरच बोलायचे. मंत्राचा गट पुढे राहिला तर तेही मान्य करू. पुराव्यापुढे वाकण्यात आम्हाला कमीपणा नाही.

हे नुसते प्रदर्शनाचे काम नव्हे. २०२०च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. दुबार पेरणीत आधी मोडतो तो एक-दोन एकरांचा धनी. सोयाबीनचे टरफल नाजूक, मळणीत आणि हाताळणीत दाणा दुखावतो, ओलावा कमी-जास्त झाला की सडतो. त्यावर सूर हा इलाज नाही. इलाज आहे ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून किती उगवतात ते पेरणीआधी मोजण्याचा. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणे प्रमाणात बसत नाही, हे दुकानदाराला ठणकावून सांगता येते. प्रदर्शनात दाणे मोजायला शिकलेले पोर उद्या बापाचे बियाणेही तपासून देईल.

गाणे माणसासाठी आहे, ते खुशाल गा. दाण्याला हवे असते पाणी, हवा आणि ऊब. ते देताना तो घराणे विचारत नाही. त्याच्या नावावर आपले घराणे मिरवू पाहणारांना मात्र एकच विचारायचे : दाणे किती होते, आणि मोजले कोणी?