तिसरा कप

मंडईचे दिवस आले की आमच्या कोंढ्यात 'नको' हा शब्द कुणी ऐकूनच घेत नाही. दिवाळी सरली की पवनी तालुक्यात गावोगाव मंडया भरतात, घरोघरी पाहुणे आणि रात्री नाटक. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तर आमची माय बोटांच्या फटीतून वरण ओतायची. वर विचारायची, "काहून जी, आमच्या घरचं गोड नाही लागत का?"

अशा घरात वाढलेला मी, परदेशात मात्र पाहुणचार झिडकारून आलो होतो.

इथिओपिया आणि इरिट्रिया 1998 ते 2000 एकमेकांशी लढले. त्यानंतर सीमेवर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बसली, ती 2008 पर्यंत. तिच्यात भारतीय पलटण होती आणि पलटणीत मी, नर्सिंग असिस्टंट. मुक्काम तिग्रायमधल्या अदिग्रातकडे. उंच, उघडाबोडका मुलूख. आमच्या धानाच्या बांध्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तिथं हिरवं शोधावं लागे.

एका बाईच्या पायाला जखम होती. पट्टी बांधून उठलो, तर तिनं जमिनीवर ताजं गवत पसरलं आणि कॉफीच्या हिरव्या बिया भाजायला घेतल्या. मनात आलं, हिच्याकडे साखर मोजून असणार. आपण द्यायला आलोय, हिचं कमी करायला नाही. हात जोडले, 'नको' म्हटलं आणि जीपमध्ये बसलो. आपण फार चांगले वागलो असंही वाटलं, हे विशेष.

पुढच्या आठवड्यात ती पट्टी बदलायला आलीच नाही. दुभाषा एवढंच म्हणाला, "तिच्या घरी जाऊन बसा."

गेलो. बुटक्या स्टुलावर बसलो. भाजलेल्या बियांचा धूर तिनं प्रत्येकासमोर फिरवला. आपण आरती घेतो तसा तो हातानं ओढून घ्यायचा. मग बिया कुटून जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळल्या. सोबत मक्याच्या लाह्या. कप बिनकानाचे, एवढेएवढे. त्याच पुडीवर पाणी घालून तीन फेऱ्या होतात, मधूनच उठायचं नसतं. पहिला कप संपला, दुसऱ्याचं पाणी चढलं, तेव्हा कुठं तिनं पाय पुढे केला. जखम चिघळली होती.

तिसऱ्या फेरीला 'बरका' म्हणतात. आपली बरकतच ती. कॉफी पार पांचट झालेली, पण तिनं साखर मात्र हात सैल सोडून घातली होती. पट्टी बांधता बांधता प्यालो.

यंदा मंडईला पोरगा पुण्याहून आला होता. शेजारच्या म्हातारीनं चहा पुढे केला, तर हा म्हणतो, "नको आजी, आत्ताच झाला." मी खाटेखाली त्याचा पाय दाबला.