मैदानाचा शेजार

परवा भाच्याने बोस्टनहून फोटो पाठवले. तिथल्या बोस्टन विद्यापीठाचं हॉकीचं स्टेडियम, अगॅनिस अरीना. हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची! २००५ साली सुरू झालेलं, सहा हजारांवर प्रेक्षक बसतील एवढं. मला मात्र आतल्या बर्फापेक्षा बाहेरचा रस्ता जास्त आवडला. समोरूनच ट्राम जाते, आजूबाजूला दुकानं, मुलांची वसतिगृहं. सामना संपला की कितीतरी जण चालतच घरी.

आणि मला आपली गिरणा आठवली.

धुळ्याहून जळगावला येताना पारोळा, एरंडोल, पाळधी मागे पडलं की बांभोरीजवळ, नदीच्या अलीकडे, टेकडीवर आपलं विद्यापीठ लागतं. १९९० साली ते पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं तेव्हा केवढा आनंद झाला होता! उजाड टेकडीवर त्यांनी झाडं जगवली, त्याचं कौतुक आहेच. जागाही भरपूर. म्हणून हॉकीचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "विद्यापीठात जागा आहे ना भो, टाका तिथे टर्फ!"

मला हे पटत नाही.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. तेव्हापासून टर्फ नाही तर हॉकी नाही, असं आपण धरून चाललोय. मोठ्या स्पर्धांसाठी ते खरंही आहे. पण ओली टर्फ सामन्याआधी भिजवावी लागते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि घराघरात पाणी भरून ठेवतात, तिथे हे कसं करायचं याचा विचार कोणी करत नाही. शिवाय नुकती स्टिक हातात घेतलेल्या पोराला टर्फ नकोच असते. त्याला लागतं घराजवळचं, मुरुमाचं का होईना, मैदान.

धुळ्याचं गरुड मैदान बघा, जळगावचं सागर पार्क बघा. सभा, प्रदर्शनं, क्रिकेट, सगळं तिथेच. धूळ आहे, गोंगाट आहे, पण माणसं आहेत. शेजारच्या घरांचं, चहाच्या टपरीवाल्याचं मैदानाकडे लक्ष असतं. आईबाप मुलीला पाठवतात ते त्या भरवशावर.

हे मी उगाच नाही म्हणत. माझी पुतणी शाळेत असताना हॉकी खेळायची. मैदान घरापासून पाच मिनिटांवर. पुढे त्या मैदानाला कुंपण आलं, मग कुलूप. सराव गावाबाहेर गेला. जाताना रिक्षा मिळायची, येताना अंधार आणि हायवे. महिनाभर दादा न्यायला गेला. मग एक दिवस वहिनी म्हणाली, "पुरे झालं आता." पोरीने माझ्याकडे बघितलं. मी चहा पीत होतो, पीतच राहिलो. स्टिक माळ्यावर गेली. (वहिनी, हे वाचत असशील तर रागावू नकोस. चूक तुझ्या एकटीची नव्हती.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विद्यापीठाने हॉकीवर पैसा घालायचा तर आधी तो गावातल्या मैदानांवर घालावा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांच्या मैदानांवर चार दिवे, एक प्रशिक्षक, मुलींसाठी स्वच्छतागृह. आणि टेकडीवर काही करायचंच असेल तर दोन गोष्टी पक्क्या कराव्यात : सराव संपल्यावर शहरात परत आणणारी बस, आणि बांभोरी-पाळधीच्या पोरांना संध्याकाळी मोकळा प्रवेश. त्यांच्या हातात कॉलेजचं ओळखपत्र असो नसो.

२०१८ पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. आसोद्याच्या या लेकीला शाळा कधी मिळाली नाही. तिच्या नावाच्या मैदानावर "तू आमची विद्यार्थिनी नाहीस" असं कुणाला ऐकावं लागू नये.

पुतणी आता नोकरीला लागली आहे. दिवाळीत माळा साफ करताना स्टिक सापडली, तिने पुसली आणि परत वर ठेवली. काही बोलली नाही.

तुमच्या घराजवळचं मैदान अजून उघडं आहे का हो?