चोरवाट शोधायला आपलाच माणूस हवा

“बँकेने स्वतःच्याच घरात चोर का घुसवावा?” सहकारी बँकांपुढे रेड टीमचा विषय काढा, हा प्रश्न ठरलेला. त्यात त्या टीमचे बाहेर स्वतःचे कमांड-कंट्रोल सर्व्हर असणार असे सांगितले की विरोधाला आणखी धार येते.

रेड टीम म्हणजे बँकेने लेखी परवानगी देऊन नेमलेले हल्लेखोर. ते खऱ्या टोळीसारखे आत शिरतात आणि एखाद्या संगणकावर छोटा प्रोग्राम बसवतात. तो प्रोग्राम अधूनमधून बाहेरच्या सर्व्हरला ‘पुढे काय करू?’ असे विचारतो आणि मिळालेला हुकूम पाळतो. हुकूम देणारा तो सर्व्हर म्हणजे कमांड-कंट्रोल. सगळा वाद त्याच्याभोवती आहे.

पहिला आक्षेप : दरवर्षी ऑडिट होते, कमकुवत जागांची तपासणी होते, मग हा उपद्व्याप कशाला?

याचे उत्तर पुण्यात मिळते. कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या एका दिवसात तिच्या कार्डांच्या बनावट प्रतींवर २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातूनही अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या मार्गाने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. यातली शिकण्याची गोष्ट रकमेपलीकडची आहे. बँकेची कोअर बँकिंग प्रणाली फुटलीच नव्हती. चोरांनी मध्ये खोटा स्विच उभा केला. पैसे द्यायचे का, ही एटीएमची विचारणा खातेवहीपर्यंत पोहोचण्याआधीच तो स्विच ‘द्या’ म्हणत होता.

ऑडिट कुलपे मोजते. कुलूप न तोडता कोणी आत आला, तर पहारेकऱ्याला कळते का आणि किती वेळात, हे ऑडिटला सांगता येत नाही. आतला संगणक बाहेरच्या अनोळखी सर्व्हरशी बोलू लागला की ती कुजबुज कोणाच्या कानी पडते का, हे तपासायचे तर ती कुजबुज मुद्दाम घडवावी लागते. त्यासाठी पलीकडे बोलणारे कोणीतरी हवे, आणि ते आपले हवे. कमांड-कंट्रोल वगळून केलेली रेड टीम दार ढकलून पाहते आणि परत येते. रिझर्व्ह बँकेनेही २ जून २०१६ च्या व्यापारी बँकांसाठीच्या सायबर सुरक्षा चौकटीत रेड टीम सरावाला जागा दिली, ती बचाव प्रत्यक्षात किती टिकतो हे कळावे म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हे चोराचेच हत्यार, ते निसटले तर?

निसटते, हे खरे. कोबाल्ट स्ट्राइक हे सरावासाठी विकले जाणारे कमांड-कंट्रोल सॉफ्टवेअर. त्याच्या चोरट्या प्रती खंडणीखोर टोळ्यांनी वर्षानुवर्षे वापरल्या. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीच्या पुढाकाराने झालेल्या ‘मॉर्फियस’ मोहिमेत अशा प्रतींशी जोडलेले ६९० आयपी पत्ते हेरले गेले आणि त्यांतले ५९३ बंद पाडले गेले. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? हत्यार चोरांकडे आधीच आहे. आपण ते हाती न घेतल्याने त्यांचे काहीच अडत नाही. अडते ते आपल्या पहारेकऱ्यांचे, कारण त्यांनी ते कधी पाहिलेलेच नसते. हा आक्षेप सरावावर बंदीचे समर्थन करत नाही, शिस्तीची मागणी करतो. ती मागणी रास्त आहे.

तिसरा आक्षेप : ही मुंबई-पुण्याची चैन, बार्शीटाकळीसारख्या लहान गावात तिचे काय काम?

बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याला ‘लिंक नाही’ हे दोन शब्द चांगले ठाऊक आहेत. त्याच्या पीककर्जाचा हिशेब शाखेतल्या कपाटात राहिलेला नाही. तो दूरच्या सर्व्हरवर आहे, आणि छोट्या बँकांच्या बाबतीत तो सर्व्हर बहुधा एखाद्या सेवापुरवठादार कंपनीचा असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला देयक-जाळ्यापासून तोडले, आणि देशातल्या सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम एका फटक्यात थांबले. ऐन खरिपात. गाव लहान असल्याने धोका लहान होत नाही. उलट एका सर्व्हरमागे शेकडो बँका असल्या की चोराला एकदाच कष्ट पडतात.

हे विलायती खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी रायगडाची आख्यायिका आठवावी. गड बांधून झाल्यावर, मुख्य वाट सोडून, दोर-शिडीशिवाय जो वर येऊन दाखवील त्याला शिवाजी महाराजांनी बक्षीस जाहीर केले. एक जण चढून आला. त्याला बक्षीस मिळाले आणि त्याच्या वाटेवर चोरदरवाजा बांधून ती सुरक्षित केली गेली. हुकूम राजाचा, वाट चोराची, फायदा गडाचा. अधिकृत सरावाचे याहून चोख सूत्र आजच्या तज्ज्ञांनाही सुचलेले नाही.

आक्षेपांचे खंडन झाले, आता मंडन. दुसऱ्या आक्षेपाने मागितलेली शिस्त म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट परवानगी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात शिरणे दोषास्पद आहे. मालक कोण, हे ओळखण्यात चूक झाली तर काय होते, ते अमेरिकेत आयोवा राज्यात दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याच्या न्यायव्यवस्थेने नेमलेल्या दोन तपासनीसांना काउंटीच्या न्यायालयात शिरल्याबद्दल अटक झाली. आरोप मागे घ्यायला जानेवारी उजाडला. आपल्याकडे खाते बँकेचे आणि सर्व्हर कंपनीचा, म्हणून दोघांच्याही सह्या हव्यात आणि सराव सामायिक सर्व्हरपर्यंत पोहोचला पाहिजे. एकट्या शाखेची चाचणी हा देखावा.

दुसरी गोष्ट लगाम. प्रत्येक सरावासाठी वेगळा सर्व्हर. ठरलेल्या यंत्रणांबाहेर न चालणारे आणि ठरल्या तारखेला आपोआप मरणारे प्रोग्राम. दिलेल्या प्रत्येक हुकमाची वेळेसह नोंद. खातेदारांची माहिती बाहेर न नेण्याचे बंधन. आणि काम संपताच सगळे मोडून टाकल्याचा लेखी दाखला. बँकेत दोघा-तिघांना सरावाची कल्पना असावी, म्हणजे खरा हल्ला त्याच वेळी आला तर ‘आपलीच माणसे असतील’ म्हणून तो दुर्लक्षिला जाणार नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार खऱ्या घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते. आपला कोण नि परका कोण, हे मिनिटांत कळायला हवे.

तिसरी गोष्ट खर्चाची. एकट्या जिल्हा बँकेला हे झेपत नसेल, तर एकाच पुरवठादाराच्या बँकांनी मिळून सराव करावा. धोका सामायिक असेल तर पहारा सामायिक का नको? सहकार म्हणतात तो यालाच.

जिल्हा बँकेचे सभासद म्हणजे गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्या. त्यांच्या प्रतिनिधींनी येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर तीन प्रश्न विचारावेत : आपला सर्व्हर कोणाचा, त्यावर शेवटचा रेड टीम सराव कधी झाला, आणि आतला संगणक परक्याशी बोलू लागला हे आपल्या माणसांना किती वेळात कळले? तिसऱ्याचे उत्तर मिनिटांत किंवा तासांत देता आले नाही, तर ठेवी सुरक्षित असल्याचे अहवालातले वाक्य सभासदांनी मंजूर करू नये.